ऊंसतोडणीस येणाऱ्या स्त्रिया व आपलें स्वयंसेवेचें काम

दसरा सरला व कारखान्यांचे भोंगे वाजूं लागले म्हणजे आपल्या बागाईत गांवांच्या कडेला एक नवी वस्ती उठते. बीड जिल्ह्यांतून, तसेंच पाथर्डी, जालना, परभणी इकडील कोरडवाहू टापूंतून बायका, पुरुष, तान्हीं मुलें, बैल व कोंबड्या असा सारा संसार गाडींत घालून आणला जातो, आणि पांच-सहा महिने आपल्या बांधाशेजारीं राहून चैत्राच्या आगेमागें परत जातो. आपल्या उंसाचें वजन किती भरलें, उतारा किती पडला, पहिला हप्ता किती मिळाला, याचा हिशेब आपण दिवाळीपासून पाडव्यापर्यंत करीत असतों. पण हा ऊंस ज्या बाईनें तोडला तिचें नांव आपणांपैकीं किती जणांस ठाऊक असतें ? आम्हांस स्वतःस तें ठाऊक नव्हतें, हें प्रथमच कबूल करतों.

गेल्या हंगामांत आमच्या फडांत एक गरोदर बाई मोळ्या वाहत होती. सहज चौकशी केली तेव्हां कळलें कीं, तिला सातवा महिना लागलेला होता व गांव सोडल्यापासून तिची एकदांहि तपासणी झाली नव्हती. अंगणवाडी त्या तळापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती. बाईस वाटत होतें कीं, अंगणवाडी गांवच्या बायकांची, परक्यांस तेथें कांहीं मिळावयाचें नाहीं. आणि अंगणवाडीच्या ताईंस त्या तळावर गरोदर बाई आहे, हेंच कोणीं कळविलें नव्हतें. मधल्या त्या वाटेवरून आम्ही दोन महिने रोज जात-येत होतों. दुसऱ्या दिवशीं आमच्या घरच्या मंडळींनीं तिला तेथें नेलें, नोंद झाली व आहार मिळूं लागला. या कामास पैसा लागला नाहीं, विद्वत्ताहि लागली नाहीं. दोन तास लागले. असे दोन तास प्रत्येक बागाईतदाराच्या घरांतून निघाले, तर काय होऊं शकेल, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

कोयत्याचा हिशेब

मदत करावयाची तर आधीं कामाची रीत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरा कांठीं सुरू झालें. पुढें कारखाने वाढले, उंसाचें क्षेत्र वाढलें, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यांतील मजुरांचा ओघ या कामाकडे अधिकच वळला. तोडणीच्या व्यवहारांत नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम पावसाळ्यांतच या जोडप्यास उचल देतो व हंगामांत तोडलेल्या टनांवर ती फेडून घेतो. उचल नवऱ्याच्या हातांत पडते, हिशेब नवरा व मुकादम यांच्यामध्यें होतो, आणि अर्धें काम जिचें, तिचें नांव कोणत्याहि कागदावर येत नाहीं. एका बाईस आम्हीं विचारलें, “उचल किती घेतली आहे ?” ती म्हणाली, “तें मालकांना ठावं.” तिचे मालक म्हणजे तिचा नवरा.

आतां आंकडे मांडून पाहूं. जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या करारानें तोडणीचा दर टनामागें २७३ रुपयांवरून ३६६ रुपये ठरला. एका कोयत्यानें दिवसास २ टन तोडले, असें धरलें तर दिवसाचे ७३२ रुपये होतात. कामाचे १२० दिवस भरले, तर हंगामाचे ८७,८४० रुपये झाले. उचल जर १ लाख रुपये असेल, तर सहा महिने राबूनहि १२,१६० रुपये अंगावर उरतात, व ते पुढील हंगामाच्या खात्यावर चढतात. मध्यंतरीं आजारपणानें दहा दिवस गेले, तर आणखी ७,३२० रुपये बुडतात, म्हणजे बाकी १९,४८० रुपयांवर जाते. यावर खाड्याचा दंड पडला तर तो वेगळाच. या कोष्टकांत उचल व दिवस कमीजास्त करून वाचकांनीं स्वतः हिशेब करून पाहावा. बाई अंगांत ताप असतां कोयता कां धरते व ओली बाळंतीण फडांत कां दिसते, याचें उत्तर त्यांतच सांपडेल.

दुसरी गोष्ट वेळेची. तोडलेल्या उंसांतील साखर तासागणिक घटते व वजनहि उतरतें, म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आंत ऊंस गव्हाणींत पडावा, अशी कारखान्याची खटपट असते. हा नियम आपल्या हिताचाच आहे; पण त्याचा भार कोणावर पडतो तेंहि पाहिलें पाहिजे. बाई पहांटे तीन-चार वाजतां उठून भाकऱ्या थापते, उजाडण्यापूर्वीं फडांत येते, दिवसभर ऊंस तोडून मोळ्या बांधते, आणि गाडी रात्रीं दहाला आली तर रात्रीं दहाला, मध्यरात्रीं आली तर मध्यरात्रीं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढते. मग कोपीवर जाऊन पाणी, सरपण व स्वयंपाक तिच्याचकडे. पुरुषाचा दिवस फडांत संपतो, बाईचा संपत नाहीं.

शरीरावर पडणारा भार

तळावर बहुधा शौचकूप नसतो, न्हाणीस आडोसा नसतो, पाणी लांबून आणावें लागतें. विटाळाच्या दिवसांत स्वच्छता राखतां येत नाहीं. लघवीस जावयाची सोय नाहीं, म्हणून बायका पाणी कमी पितात. त्यांतून अंगावर पांढरें जाणें, ओटीपोट दुखणें, लघवीची जळजळ असे विकार जडतात. दवाखान्यांत जावें तर खाडा पडतो. दुखणें अंगावर काढून हंगामानंतर एखाद्या खाजगी दवाखान्यांत गेलें, म्हणजे पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो, व कर्ज काढून ती काढली जाते. २०१९ सालीं ही गोष्ट उघडकीस आल्यावर विधान परिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. बीड जिल्ह्यांत पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊंसतोडणी करणाऱ्या स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शेंकडा सुमारें १७. ऐन तारुण्यांत ही शस्त्रक्रिया झाली असतां हाडें लवकर ठिसूळ होतात व कंबरदुखी मागें लागते. म्हणजे काम टिकावें म्हणून केलेला उपाय कामाच्याच मुळावर येतो. त्यानंतर बीड जिल्ह्यांत अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट घातली गेली. पण दुखण्याचें मूळ तळावरच्या पाण्यांत व आडोशांत आहे, आणि तळ आपल्या गांवांत आहे.

आणखी एक परिणाम सांगितलाच पाहिजे. कोयता जोडप्याचाच धरला जात असल्यामुळें, आणि वयांत आलेली मुलगी मागें एकटी ठेवण्याचें भय वाटत असल्यामुळें, मुलींचीं लग्नें लवकर उरकण्याकडे कल होतो. २००६ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह लावणें गुन्हा आहे. तरी फडांत सोळा वर्षांची सून दिसते, हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे.

कायद्यानें काय दिलें आहे

या स्त्रियांस कांहींच हक्क नाहींत, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाहीं. हक्क आहेत, पण ते गांवीं राहतात व बाई फडांत असते. मुख्य हक्क असे :

शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास आतां कोणत्याहि गांवच्या रास्त भावाच्या दुकानांतून अंगठा उठवून आपल्या वांट्याचें धान्य घेतां येतें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेस अंगणवाडीमार्फत आहार मिळण्याचा हक्क आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेनें वर्षाच्या मध्येंहि दाखल करून घेतलें पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला आला नाहीं, या सबबीवर नाकारतां येत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें कर्जापोटीं माणसास वेठीस धरणें बंद केलेलें आहे. २०१३ च्याच दुसऱ्या एका कायद्यानें, जेथें दहापेक्षां कमी लोक काम करतात किंवा मालकाविरुद्धच तक्रार आहे, तेथील स्त्रीस लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करतां येते.

याशिवाय गोपीनाथ मुंडे ऊंसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालें असून, त्यासाठीं गाळलेल्या उंसावर टनामागें १० रुपये कारखान्यांनीं व तितकेच सरकारनें द्यावे, अशी योजना आहे. मजुरांच्या मुलांसाठीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें काढण्याची योजना २०२१ सालीं मंजूर झाली. २०२३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानेंहि या मजुरांच्या स्थितीची स्वतः होऊन दखल घेतली. आतां उणीव आहे ती हा कागद बाईच्या कोपीपर्यंत नेणाऱ्या माणसाची. तो माणूस म्हणजेच स्वयंसेवक.

स्वयंसेवकांनीं काय करावें

एका तळामागें चार-पांच स्वयंसेवक पुरेत. त्यांत निदान तीन स्त्रिया असाव्यात. तळावरच्या बायका आपली अडचण पुरुषापुढें बोलणार नाहींत, हें उघड आहे. तेव्हां बागाईतदारांनीं स्वतः पुढारपण न करतां घरांतील सुना, लेकी व बहिणी यांस या कामास मोकळीक द्यावी. काम पुढील क्रमानें करावें :

१. *तळाची जागा.* टोळी येण्यापूर्वींच जागा ठरवावी. ती उंच, पाणी न सांचणारी व रस्त्यापासून थोडी आंत असावी. विहिरीवरून किंवा नळावरून पिण्याच्या पाण्याची सोय करावी, व पाणी सांठविण्यास झांकणाची पिंपें द्यावीं. बायकांच्या न्हाणीसाठीं चार बांबू व ताडपत्री यांचा आडोसा पुरतो. खड्ड्याचे शौचकूप विहिरीपासून पन्नास फुटांहून अधिक लांब व उताराच्या बाजूस काढावे. त्यांस दार व आंतून कडी असावी. एक दिवा लावावा. रात्रीं गाडी भरून येणाऱ्या बाईस त्या दिव्याचा किती आधार होतो, हें तिला विचारून पाहावें.

२. *नोंदवही.* पहिल्या आठवड्यांतच प्रत्येक बाईचें नांव, वय, मूळ गांव, मुलांचीं वयें, गरोदर किंवा बाळंतीण असल्यास महिने, चालू दुखणें, शिधापत्रिका व ओळखपत्र आहे कीं नाहीं, इतकें लिहून घ्यावें. ‘अमक्याची बायको’ असें लिहूं नये. तिचें स्वतःचें नांव लिहावें. दुखण्याची माहिती स्त्री-स्वयंसेविकेजवळच राहावी, ती चारचौघांत वाचूं नये.

३. *आरोग्य.* ही नोंद आशाताई व अंगणवाडीताई यांस नेऊन द्यावी, व त्यांचा तळावर येण्याचा वार ठरवून घ्यावा. तपासणी संध्याकाळीं, किंवा कारखाना बंद असेल त्या दिवशीं ठेवावी, म्हणजे खाडा पडत नाहीं. एखाद्या बाईस पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर सरकारी दवाखान्यांतील स्त्री-वैद्याचें दुसरें मत घेण्यास तिला सोबत करावी. अडल्या वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, परंतु तिला फडाची वाट सांपडत नाहीं. म्हणून रस्त्यावर उभें राहण्यास एक माणूस आधींच नेमून ठेवावा.

४. *मुलें.* १९९० नंतरच्या दशकांत कांहीं कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या, त्यांचा धडा असा कीं, शाळा तळाजवळ असली तरच मूल शाळेंत टिकतें. गांवच्या शाळेंत मुलें दाखल करावीं, व तीं रोज नेण्या-आणण्याची पाळी स्वयंसेवकांनीं लावून घ्यावी. तान्ह्या मुलांस फडांत पाचटावर निजवितात. तेथें साप-विंचवाचें व मागें येणाऱ्या ट्रॅक्टरचें भय असतें. दोन म्हाताऱ्या बायका व एक सावलीची जागा एवढ्यावर तळावरचा पाळणा चालतो.

५. *धान्य.* रास्त भावाच्या दुकानदारास टोळींतील कुटुंबांची संख्या आगाऊ कळवावी. ‘बाहेरगांवचें कार्ड चालत नाहीं’ असें उत्तर मिळाल्यास बाईबरोबर स्वतः जावें. बहुधा तेवढ्यानें भागतें. न भागल्यास तहसील कचेरींत लेखी अर्ज द्यावा.

६. *हिशेब.* हें सर्वांत अवघड व सर्वांत महत्त्वाचें काम. प्रत्येक बाईस एक लहानशी वही द्यावी. रोजची गाडी, तिच्या कोयत्याच्या वांट्याचें वजन, मिळालेली खर्ची व पडलेला खाडा, एवढें त्यांत लिहावें. जिला लिहितां येत नाहीं, तिला आंकडे तरी ओळखतां यावेत म्हणून आठवड्यांतून दोन संध्याकाळीं अर्धा-अर्धा तास बसावें. वजनाची पावती फडाच्या मालकास मिळते. ती वाचून दाखविणें आपल्या हातचें आहे. हंगामाच्या शेवटीं मुकादमाच्या वहीशीं तिची वही ताडून पाहतां येते. भांडण करण्याची गरज नाहीं. दुसरी वही आहे, इतकें ठाऊक झालें कीं पहिली वही पुष्कळशी सरळ चालते. जिचें बँकेंत खातें नाहीं, तिचें उघडून द्यावें.

७. *निरोप.* टोळी परततांना नोंदवहीचा उतारा बाईच्या हातीं द्यावा. तपासण्या, लसी, मुलाची शाळेंतील हजेरी, हें सारें त्यांत असलें म्हणजे गांवीं गेल्यावर पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. ज्यांस तोडणी कामगार म्हणून ओळखपत्र मिळालेलें नाहीं, त्यांनीं तें गांवीं ग्रामसेवकाकडून घ्यावें, व त्यांत बाईचें नांव स्वतंत्र असावें, हें समजावून सांगावें.

काय टाळावें

पहिलें म्हणजे उपदेश. सोळा तास राबलेल्या बाईस स्वच्छतेचें व्याख्यान ऐकविणें ही थट्टा आहे. आधीं पाणी द्यावें. दुसरें म्हणजे जुन्या लुगड्यांची व शिळ्या अन्नाची वांटणी करून स्वयंसेवा झाली असें मानणें. देणगी घेणारा हात खालीं राहतो. हिशेब समजलेला हात वर येतो. तिसरें, नवरा व मुकादम यांस वगळून गुपचूप कांहीं करूं नये. बाईस सहा महिने त्यांच्यामध्येंच राहावयाचें आहे. आपल्या उत्साहाचा मार तिनें खावा असें होऊं नये. मात्र मारहाण, छळ किंवा डांबून ठेवणें दिसल्यास गप्प बसूं नये. तिच्या संमतीनें १८१ या महिला-मदत क्रमांकावर किंवा पोलिसांत कळवावें. चवथें, काय करावयाचें तें आपण ठरवूं नये. प्रत्येक तळावर बायकांनींच आपल्यांतील दोघी निवडाव्यात व त्यांच्या सांगण्यानें काम चालावें. आम्हीं शिवणयंत्राची गोष्ट काढली असतां, “आधीं फळी रुंद करून द्या, रात्रीं पाय घसरतो,” असें उत्तर मिळालें. तें उत्तर आमच्या योजनेपेक्षां शहाणपणाचें होतें.

दोन आक्षेप

कांहीं बागाईतदार म्हणतील, मजूर कारखान्याचे, मुकादम कारखान्याचा, आमचा संबंध काय ? वर आम्हांकडून ‘खुशाली’चे पैसे घेतले जातात, न दिले तर ऊंस उभा राहतो. ही तक्रार खोटी नाहीं, आमच्याकडूनहि असे पैसे गेलेले आहेत. पण ते कोणाच्या हातीं जातात, याचा शोध कोणीं घेतला आहे काय ? आम्हीं विचारलें तेव्हां टोळींतील बायकांस त्यांतला एक रुपयाहि दिसला नव्हता. ज्या अंधारांत बाईचा हिशेब बुडतो, त्याच अंधारांत आपले पैसेहि जातात. दोघांचा हिशेब उजेडांत आणणें हेंच दोघांच्या हिताचें आहे. शिवाय ऊंस जमिनीलगत तोडला कीं वर राखला, यावर आपला उतारा व खोडव्याची फूट अवलंबून असते. जी बाई दुखण्यानें वाकूं शकत नाहीं, तिच्याकडून जमिनीलगत तोड होणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, तोडणीचीं यंत्रें येत आहेत, मग ही खटपट कशाला ? यंत्रें येत आहेत हें खरें. पण त्यांस रुंद सरी व मोठे सलग पट्टे लागतात, आणि आपल्यापैकीं बहुतेकांचे तुकडे लहान आहेत. तेथें कोयता अजून बरींच वर्षें चालणार. आणि उद्यां तो थांबला तरी, आज फडांत असलेल्या बाईचें दुखणें तोंवर थांबून राहणार नाहीं.

पुढील हंगामाच्या बैठका आतां गांवोगांव भरतील. बेणें, खत, पाण्याच्या पाळ्या यांची चर्चा होईल, ती व्हावयासच पाहिजे. तिच्यांतच आणखी एक कलम घ्यावें : आपल्या शिवारांत तळ किती पडणार, प्रत्येक तळाची जागा कोणती, व त्याचे पांच स्वयंसेवक कोण. नांवें त्याच बैठकींत लिहून टाकावीं. वर सांगितलेल्या सात कामांपैकीं सातहि झालीं नाहींत, तरी पाण्याचीं पिंपें, आडोसा व नोंदवही हीं तीन तरी दिवाळीपूर्वीं तयार असावीं. ज्या सभासदांनीं असें काम केलें असेल, त्यांनीं काय साधलें व कोठें चुकलें, तें हंगाम संपल्यावर आम्हांस लिहून कळवावें, म्हणजे पुढील वर्षीं हाच धडा अधिक बिनचूक करून वाचकांपुढें ठेवतां येईल.